येलकीच्या बेटावर तिघंच

माणसाला माणसाशी खरं बोलायचं असेल तर चारही बाजूंनी पाणी पाहिजे, असं खुशालराव निंभोरकरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी कुठल्या ग्रंथातून घेतलेलं नव्हतं. अमरावतीत कठोरा नाक्याजवळच्या त्यांच्या घराच्या चारही बाजूंनी जे काही होतं, त्यावरून त्यांनी ते बनवलं होतं. पूर्वेला जानराव होते. पश्चिमेला जानरावांचे साडू होते. मागे मंगल कार्यालय होतं आणि समोर किराणा दुकान, जिथे जानराव आणि त्यांचे साडू दिवसातून तीनदा एकमेकांना भेटत आणि मधल्या घरात काय चाललंय याची माहिती जुळवून पाहत. अशा जागी माणूस फार तर जेवतो, झोपतो आणि वीजबिल भरतो. मुलीची माफी मागू शकत नाही.

माफी मागायची होती ती आकांक्षाची. मे महिन्यात खुशालरावांनी तिला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. आईचं बीपी वाढलंय, असं सांगून. पोरगी मिळेल त्या गाडीनं, उभ्यानं प्रवास करत आली. येऊन बघते तर बैठकीत सात पाहुणे, मधल्या खुर्चीवर एक इस्त्री केलेला मुलगा आणि आईच्या हातात पोह्यांचा ट्रे. बीपी नॉर्मल. आकांक्षा सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर, स्वतःच्या पायावर उभी. तिने आरडाओरडा केला नाही. पोहे खाल्ले, पाहुण्यांना नमस्कार केला आणि परतीच्या गाडीत बसली. त्यानंतर सात महिने बापलेकीच्या संभाषणात तीनच वाक्यं उरली होती. "हो." "नाही." आणि "आईले द्या."

बीपीच्या कटात आकांक्षाची आई ललिताबाईही सामील होत्या, पण त्यांना आठवड्याभरात माफी मिळाली. बायकांना न्याय वेगळा असतो, हे खुशालरावांनी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

"माझं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण जिल्ह्याच्या ठिकाणी एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला ते कठीण जातात. सरकारी भाषेत कोणाचंच काही चुकत नाही. "नजरचुकीने राहून गेलेले आहे" असं असतं, आणि त्यातही राहून गेलेली गोष्ट स्वतःच राहून गेलेली असते, तिला कोणी ठेवलेलं नसतं. खुशालराव स्कूटरवर हेल्मेटच्या आत सराव करत. हेल्मेटच्या आत ते बऱ्यापैकी जमत होतं.

आकांक्षाला तंबू ठोकून राहण्याचा नाद होता. मैत्रिणींबरोबर पुण्याच्या आसपास कुठल्या कुठल्या तळ्याकाठी ती जायची, आणि तिथले फोटो खुशालराव ललिताबाईंच्या फोनवर बघायचे, कारण त्यांच्या स्वतःच्या फोनवर ते दिसायचे बंद झाले होते. म्हणून त्यांनी बराच विचार करून संदेश पाठवला: "अकोल्याच्या रस्त्यानं मूर्तिजापूरच्या पुढे येलकी धरण आहे. मधात बेट आहे. बोट जाते. तंबू घेऊन एक मुक्काम करू. फक्त आपण तिघं. कोणी येणार नाही."

दोन दिवसांनी उत्तर आलं: "कोणी म्हणजे कोणीच?"

खुशालरावांनी लिहिलं: "कोणीच."

त्यावर आकांक्षाने वर केलेला अंगठा पाठवला. सात महिन्यांत तिने बापाला पाठवलेला तो पहिला अवयव होता. खुशालरावांनी तो दिवसभरात आठ-दहा वेळा उघडून पाहिला.

तंबू आला. तो लावून पाहावा म्हणून त्यांनी गच्चीवर नेला, आणि पूर्वेकडच्या गच्चीवर जानराव उगवले.

"काहून हो निंभोरकर, घरात काही वाद झाला का? गच्चीवर बिऱ्हाड टाकून राहिले."

"बेटावर चाललो आहे. येलकीच्या."

"बेटावर काय हाय पाहासारखं?"

"काही नाही."

"मंग जाता काहून?"

"काही नाही म्हणूनच."

जानरावांनी या उत्तराचा थोडा वेळ सहानुभूतीने विचार केला. "त्यापेक्षा सेमाडोहले जा. तिथं खोल्या हायेत, धुतलेल्या चादरी हायेत, नशिबात असला तं वाघ बी हाय. वाघ आला तं माणूस पळू तं शकते. बेटावर काही झालं तं पळसान कुठं?"

पळायचं नाही हाच बेताचा गाभा होता, पण तो जानरावांना सांगण्यासारखा नव्हता. खुशालराव तंबूच्या काड्यांशी झगडत राहिले. तंबू उभा राहिला तेव्हा त्याचं दार भिंतीकडे होतं.

आता परवानगी. खुशालरावांच्या जागी दुसरा कोणी असता तर सरळ बोटीत बसून गेला असता. पण परवानगी न घेता पाण्यात पाय घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चौकशी करता कळलं की धरणातलं पाणी एका खात्याचं आहे, बेटाची जमीन दुसऱ्या खात्याची, मासे आणि बोट मच्छीमार संस्थेची, आणि बेटावर एक लिंबाचं झाड आहे त्याच्याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे. तीन खेपांनंतर ते एका कार्यालयात धर्मेंद्र नावाच्या कारकुनासमोर बसले. धर्मेंद्र पस्तिशीचा, मोकळा गडी होता. त्याने अर्ज पुढे सरकवला.

अर्जात बेटावर जाण्याचे चार उद्देश छापलेले होते: मासेमारी, शासकीय पाहणी, चित्रीकरण, धार्मिक कार्यक्रम. घरच्यांसोबत राहणे हा उद्देश शासनाला सुचलेला नव्हता.

"धार्मिकवर खूण मारा ना साहेब," धर्मेंद्र म्हणाला. "धार्मिकले कोणी काही विचारत नाही. एक दिवस राहा का दोन दिवस राहा."

"पण धार्मिक काही नाही."

"कागदावर असलं म्हणजे झालं. खालचे रकाने रिकामे सोडून द्या."

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मेंद्रचा सल्ला अगदी शहाणपणाचा होता. दुसऱ्या कुणीही तो ऐकला असता. पण खुशालरावांनी आयुष्यभर एकच काम निष्ठेनं केलं होतं: रिकामा रकाना दिसला की अर्ज परत पाठवणे. किती विधवांचे, किती निवृत्त शिक्षकांचे अर्ज त्यांनी एका रिकाम्या रकान्यापायी परत केले असतील याची मोजदाद नाही. अशा माणसाने स्वतःच्या अर्जात चार रकाने उघडे टाकून उठावं, हे त्याच्या हाडाला मान्य होईना. त्यांनी पेन काढलं. "कार्यक्रमाचे स्वरूप" पुढे त्यांनी लिहिलं: नवस. "कोणाच्या नावे" पुढे लिहिलं: कन्या. "दैवत" पाशी ते अडले, तेव्हा धर्मेंद्रच म्हणाला, "तिथं टेकडीवर आसरामाय हाय ना, लिंबाखाली." लिहिलं: आसरामाय. शेवटी "अपेक्षित उपस्थिती" होती. तिथे दोनच पर्याय होते, शंभरपर्यंत आणि शंभरच्या वर. तीन ही संख्या शंभरपर्यंत येते, असा विचार करून त्यांनी पहिल्यावर खूण केली. अक्षर सुरेख आलं होतं. ते अर्जाकडे थोडा वेळ समाधानाने पाहत बसले.

परवानगी चौथ्या दिवशी आली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: प्रत माहितीसाठी, ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था, पोलीस पाटील.

पाचव्या दिवशी फोन आला. "निंभोरकर भाऊ, मी मैनाबाई, येलकीची पोलीस पाटील. कणीक तुमी आणता का आमी गावात दळून ठेवू?"

"कोणती कणीक?"

"रोडग्याची."

आसरामायचा नवस म्हणजे रोडगे, हे खुशालरावांना माहीत नव्हतं असं नाही. ते वऱ्हाडातच जन्मले होते. कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. या जेवणाला बोलावणं करायची पद्धत नाही. लोकांना ते कळतं. लग्नाची पत्रिका देऊनही न येणारा माणूस रोडग्याच्या धुराच्या दिशेने दोन कोस चालत येतो. फक्त आपण कागदावर लिहिलेला नवस इतका खरा होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बाई, तो नवस म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली. पण पोलीस पाटलाला, म्हणजे शासनाच्याच माणसाला, आपण शासनाच्या अर्जात खोटं लिहिलं हे कसं सांगणार? "कार्यक्रम सोमवारी करा," ते म्हणाले. "शनिवारी आम्ही तिघंच येतो. खासगी."

"बरं," मैनाबाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं लोकांचं "बरं" ऐकलेल्या माणसाला या "बरं"चा अर्थ कळायला हवा होता.

घरी त्यांनी सगळंच रद्द करायचा प्रस्ताव मांडला. ललिताबाईंनी हातातली लसूण खाली ठेवली. "आसरामायचं नाव लिवून देल्लं तुमी. पोरीच्या नावानं. अन् आता रद्द? पाण्याची देवी हाय ते. आपल्याले तिच्याच पाण्यातून जाचं हाय."

"मग आकांक्षाला सांगून टाकू."

"काय सांगसान? का बापानं तुह्या नावानं नवस बोलला? पुन्हा तुले न इचारता?"

हे बरोबर होतं. सांगायचं नाही असं ठरलं. ललिताबाईंनी ते इतकं कसोशीने पाळलं की फक्त अकोल्याच्या भावाला, नितेशला, सांगितलं. भावाला सांगणं हे सांगण्यात मोडत नाही, असं त्या नंतर म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आकांक्षा बडनेऱ्याला उतरली. पाठीवर बॅग, पायात जड बूट. आभाळ भरलेलं होतं. डिसेंबरात पाऊस येत नाही, पण येऊन राहिला तर कोण काय करणार, अशा तोंडाचं आभाळ. गाडी मूर्तिजापूरपर्यंत आली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या काळ्या उभ्या होत्या. मग मागच्या सीटवरून आवाज आला.

"टेंट कितीचा हाय? तिघांचा का चौघांचा?"

खुशालरावांचा पाय ब्रेकवर गेला. सात महिन्यांत पहिलं पूर्ण वाक्य, तेही प्रश्नार्थक. "तिघांचा," ते म्हणाले. "चौघांचाही मिळत होता. पण मी म्हटलं, नको."

"काड्या आधी जोडाच्या, मंग आत सरकवाच्या. तुमी उलटं केलं असंन."

"उलटंच केलं," ते म्हणाले, आणि त्यांना वाटलं की अर्धं काम झालं. एवढं कबूल केलं, तर उरलेले दोन शब्द बेटावर होऊन जातील.

वळण घेऊन गाडी धरणाच्या काठाला लागली तेव्हा तिथे दोन ट्रॅक्टर उभे होते. एकात गोवऱ्या, दुसऱ्यात माणसं. काठावर आणखी चाळीसेक जण. बायकांच्या हातात नारळ, दोघांच्या खांद्यावर बांबूला अडकवलेला स्वयंपाकाचा मोठा गंज. पाण्याच्या मधोमध बेट दिसत होतं. लिंबाचं एक झाड, आणि दुसरं काही नाही. खुशालरावांना हवं होतं अगदी तसं.

मैनाबाई पुढे आल्या. खुशालराव गाडीतून उतरून हळू आवाजात म्हणाले, "सोमवार ठरला होता ना?"

"कागदावर शनिवार हाय भाऊ," मैनाबाई म्हणाल्या. त्यांनी कागद सोबत आणला होता. कागदावर शनिवार होता. यावर दुसऱ्या कुणी वाद घातला असता. खुशालरावांना घालता येईना.

मागून आकांक्षा आली. "बाबा, हे कोण लोक होयेत?"

आता इथे खरं बोलायला जागा होती. पाणी चारही बाजूंनी नव्हतं, एकाच बाजूला होतं, पण चाललं असतं. खुशालरावांच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते असे: "गावातले असतील. मासे पकडायला आले."

आकांक्षाने नारळांकडे पाहिलं. गंजाकडे पाहिलं. "नारळ घेऊन?" ती म्हणाली.

तेवढ्यात डोमाजीने त्यांचा दंड धरला. डोमाजी म्हणजे संस्थेची बोट चालवणारा, साठीचा, काटक माणूस. "चला, नवसाचा मालक पयल्या फेऱ्यात. मालकीण बी. जाकिटं बाराच हायेत, बाकीचे मागून." कोणीतरी खुशालरावांच्या कपाळाला कुंकू लावलं, कोणीतरी हातात नारळ दिला, कोणीतरी गळ्यात केशरी जाकीट अडकवलं. तंबूची पिशवी दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर बोटीत चढली. "तुमी व्हा पुढं," आकांक्षा म्हणाली, "झोपाच्या बॅगा गाडीतच राहिल्या. किल्ली द्या." तिचा आवाज साधा होता. त्यावर खुशालराव पुढची दहा मिनिटं जगले.

बोट निघाली. इंजिनाच्या आवाजात त्यांनी हेल्मेटमधला सराव पुन्हा करून घेतला. ती दुसऱ्या फेरीने येईल. उतरता उतरताच म्हणायचं. माझं चुकलं. सगळ्यांसमोर म्हणावं लागलं तरी म्हणायचं. अर्ज, नवस, बीपी, सगळं मिळून एकदाच.

बेट दोन एकरांचं होतं आणि पोचल्यावर अर्ध्या तासात त्याचं मंगल कार्यालय झालं. कढई कुठे मांडावी यावर तीन मतं होती, ती तिन्ही खुशालरावांना सांगण्यात आली. वारा कुठून आहे, वांगी किती चिरावीत, तुपात हात कोणी आखडता घेऊ नये. कणीक मळायला काही अंथरायला नव्हतं. एकाने पिशवी उघडली, आत स्वच्छ, निळं, मजबूत कापड सापडलं. खुशालरावांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या तंबूवर तीस किलो कणीक होती आणि दोन धट्टेकट्टे गडी तिच्यात कोपरापर्यंत होते.

"कापड झकास आणलं मालक," त्यातला एक म्हणाला. "काही चिकटत नाही."

दुसरी फेरी आली. आधी नितेश उतरला, हात पसरून. "भाऊजी! भाचीचा नवस अन् मामाले तुमी सांगतलं नाही? ताईनं सांगतलं म्हणून बरं." त्याच्यामागे पांढऱ्या शर्टातला एक तरणा मुलगा उतरला. त्याच्यामागे मुलाची आई, बाप. मग गावातली माणसं. शेवटी डोमाजी. त्याच्या हातात एक केशरी जाकीट होतं, नीट घडी केलेलं. त्या जाकिटाची घडी होत नाही. तरी कोणीतरी केली होती.

"पोरगी कुठे आहे?" खुशालराव म्हणाले.

"चांगली हाय तुमची पोरगी," डोमाजी म्हणाला. "जाकीट घातलं, बसली बी. मी म्हटलं, माय, तुह्याच लग्नाचा नवस अन् तूच मांगं राह्यली? तं मले इचारे, कोणाच्या लग्नाचा? मी म्हटलं, तुह्या. तुह्या बापानं कागदावर लिवून देल्लं ना."

"लग्न लिहिलं नव्हतं मी!"

"पोरीच्या नावानं नवस म्हटल्यावर लिवा लागते का?" डोमाजीला या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "तेवढ्यात या पाव्हण्यायची गाडी आली. हा पोरगा उतरला, याचे मायबाप उतरले. तिनं पाह्यलं. मंग जाकीट काढलं, घडी केली, मह्याजवळ देल्लं. अन् गाडीकडे चालली गेली."

खुशालराव पाण्याच्या कडेला गेले. पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर दिसत होते, त्यांची गाडी दिसत होती, आणि गाडीपासून रस्त्याकडे जाणारा एक ठिपका. त्यांनी फोन काढला. बेटावर रेंज नसेल असा त्यांचा अंदाज होता, तोही बेताचाच भाग होता. रेंज कठोरा नाक्यापेक्षा चांगली होती.

तिने तिसऱ्या रिंगला उचलला. ठिपका थांबला.

"बोला," ती म्हणाली.

त्याच क्षणी बेटावर शांतता पसरली. आसरामायच्या कृपेने म्हणा, किंवा मालक फोनवर आहेत हे सगळ्यांना एकदम कळल्यामुळे म्हणा. कणीक मळणारे थांबले. नितेश थांबला. ललिताबाई दोन पावलं पुढे आल्या. मैनाबाईंनी एका रडणाऱ्या पोराला छातीशी दाबलं. वीस-बावीस माणसं खुशालराव आता काय बोलतात ते ऐकत होती, आणि चारही बाजूंनी पाणी होतं.

खुशालरावांनी तोंड उघडलं. माझं चुकलं. म्हणायचं होतं ते जिभेवर आलेलं होतं, अगदी दाताच्या मागे.

"जेवून जा," ते म्हणाले.

वारा ऐकू येत होता. तिच्याकडचा की इकडचा, कळत नव्हतं.

"आईले द्या," आकांक्षा म्हणाली.

त्यांनी फोन ललिताबाईंना दिला. त्या पाठ करून हळूहळू काहीतरी बोलल्या, आणि बोलता बोलता पदर डोळ्याला लावला. ठिपका रस्त्याला लागला. मूर्तिजापूरकडे जाणारी काळीपिवळी जीप आली, थांबली आणि गेली. त्यानंतर रस्त्यावर ठिपका नव्हता.

रोडगे उत्तम झाले होते, असं सगळे म्हणाले. खुशालराव पंगतीत नितेशने आणलेल्या मुलाशेजारी बसले, कारण मालकाला उभं राहू देत नाहीत. मुलाचं नाव स्वप्निल, नितेशच्या बँकेत होता. तो मन लावून जेवत होता. चौथा रोडगा फोडताना तो म्हणाला, "काका, झकास बेत. माह्यं लग्न झालं का आमी बी इथंच करू."

"तुमचं लग्न?"

"मार्चात हाय. वाशिमची हाय पोरगी. दोन वर्षं झाले ठरून." त्याने तुपात बोट फिरवलं. "साहेब म्हणे, बहिणीकडे रोडगे हायेत, मायबापाले घेऊन चाल. म्हणून आलो."

खुशालरावांनी नितेशकडे पाहिलं. नितेश भाजी वाढणाऱ्याला थांबवत नव्हता.

मुक्कामाची परवानगी रविवार दुपारपर्यंत होती. शनिवारी चारपासून बोटीच्या फेऱ्यांनी सगळे परतले. गाडीची किल्ली आकांक्षाने काठावरच्या ट्रॅक्टरवाल्याकडे देऊन ठेवली होती. झोपण्याच्या तिन्ही बॅगा मागच्या सीटवर रचून ठेवल्या होत्या. अमरावतीत पोचल्यावर खुशालरावांनी तंबू गच्चीवर वाळत घातला. कणीक घट्ट वाळली होती. पूर्वेकडून जानरावांनी विचारलं, "काय मंग, दिसलं का काही बेटावर?" पण त्या दिवशी त्यांना उत्तर मिळालं नाही, आणि त्यांनी ते साडूंना तसंच सांगितलं.

परवानगीच्या मागच्या पानावर एक अहवाल छापलेला होता. कार्यक्रमानंतर तीन दिवसांत तो भरून द्यायचा असतो. बहुतेक लोक देत नाहीत. खुशालराव मंगळवारी स्वतः गेले आणि धर्मेंद्रच्या टेबलाशी बसून त्यांनी सगळे रकाने भरले. कार्यक्रम शांततेत पार पडला. झाडास इजा झाली नाही. एकूण उपस्थिती, एकशे चार. आयोजकाच्या कुटुंबातील उपस्थित व्यक्ती, दोन.